जुन्या दगडी ग्रंथालयातील ओल: मुंबई विद्यापीठाच्या इमारतीकडून नाशिकने काय घ्यावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमधल्या एका जुन्या कॉलेजच्या ग्रंथालयाची इमारत काळ्या दगडाची आहे. चुन्यात बांधलेल्या दोन फुटी भिंती, सागवानी कैच्यांवर मंगलोरी कौले, पश्चिमेला कमानींचा व्हरांडा आणि वर लाकडी मजला. पावसाळ्यात आतल्या भिंतींना ओल येते, खालच्या कप्प्यातल्या पुस्तकांना बुरशी लागते. संस्थेपुढे चार सूचना आल्या आहेत: बाहेरच्या दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, सिमेंटने भरणे, आतून सिमेंटचा गिलावा करून वॉटरप्रूफ रंग देणे, व्हरांडा ॲल्युमिनियमच्या खिडक्यांनी बंद करून जागा वाढवणे, आणि बांधीव नियतकालिकांचे रॅक वरच्या मजल्यावर हलवणे. जोडून विचारले आहे की मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय समुद्राच्या जवळ, आपल्या तिप्पट पावसात इतकी वर्षे कसे उभे आहे.

चारही सूचना आहेत तशा अमलात आणू नका. पहिल्या दोन भिंत आणखी ओली करतील, तिसरी भिंतीवरची छत्री काढून घेईल आणि चौथी मजला धोक्यात आणेल. मुंबईच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे बरेच त्यातच उलगडते.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले, पण त्याला स्वतःची इमारत नव्हती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचा भाव चढला आणि मुंबईत पैसा आला. त्या तेजीत, १८६४ मध्ये, प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि नंतर मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. मनोऱ्याला आपल्या आईचे, राजाबाईंचे नाव द्यावे ही त्यांची इच्छा होती. आराखडा लंडनच्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. ते मुंबईत कधीच आले नाहीत. पायाभरणी १ मार्च १८६९ रोजी झाली आणि काम नोव्हेंबर १८७८ मध्ये संपले. मनोरा २८० फूट उंच आहे. त्यावरच्या पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांच्या मूर्ती सहायक अभियंता मुकुंद रामचंद्र यांनी घडवल्या. हे नाव मुद्दाम घेतो, कारण लंडनहून आलेल्या कागदाचे मुंबईच्या पावसात टिकणारे बांधकाम ज्यांनी केले त्या इथल्या अभियंत्यांचा, पाथरवटांचा आणि सुतारांचा उल्लेख फार कमी होतो. नाशिकचा संबंधही दूरचा नाही. १९२४ मध्ये सुरू झालेले नाशिकचे हंप्राठा कॉलेज १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ होईपर्यंत मुंबई विद्यापीठाच्याच छत्राखाली होते.

आता त्या इमारतीकडे पावसाच्या नजरेने पाहा. पश्चिमेला ओव्हल मैदान आहे, म्हणजे नैर्ऋत्य मोसमी वारा अडवायला समोर काही नाही. अशा ठिकाणी वास्तुकाराने पुस्तकांची भिंत थेट पावसाला दिली नाही. आधी कमानींचा खोल व्हरांडा आणि त्याच्या आत खरी भिंत, अशी रचना आहे. कमानी दिसायला सुंदर आहेत, आणि त्यांच्यामुळे वाऱ्याने आलेला पाऊस व्हरांड्याच्या फरशीवर पडून बाहेर जातो, उन्हाचा झोत आतल्या भिंतीपर्यंत पोचत नाही. मनोऱ्याच्या तळाशी गाडी उभी करण्याचा पोर्च आहे, म्हणजे माणूस आणि पुस्तके कोरडी आत येतात. कोपऱ्यांवर दगडी चक्री जिने असल्यामुळे मधले दालन एकसंध राहते. मोठे वाचनदालन वरच्या मजल्यावर, सागवानी छताखाली आणि उंच खिडक्यांमध्ये ठेवले आहे, कारण वर उजेड आणि वारा जास्त, जमिनीची ओल कमी.

बारीक गोष्टी तर त्याहून शिकण्यासारख्या असतात. अशा दर्जाच्या दगडी कामात खिडकीच्या बाहेरच्या उंबऱ्याला बाहेरच्या बाजूने उतार असतो, तो भिंतीपुढे दीड-दोन इंच येतो आणि त्याच्या खालच्या अंगाला कडेपासून थोडे आत बोटभर रुंदीची खाच असते. पाणी दगडाच्या कडेवरून खाली वळते, खाचेपाशी येते, पुढे सरकू शकत नाही आणि थेंब होऊन गळते. ती खाच नसेल किंवा रंगाने, सिमेंटने बुजली असेल, तर तेच पाणी उंबऱ्याच्या पोटाला चिकटून मागे भिंतीत शिरते. तुमच्या इमारतीत खिडक्यांच्या खाली ओलीचे उभे पट्टे असतील, तर शिडी लावून आधी ही खाच हाताने चाचपून पाहा. बुजलेली असेल तर बारीक छिन्नीने मोकळी करा. नसेलच तर पाथरवटाकडून पाडून घ्या. बारा मिलिमीटर रुंद आणि आठ-दहा मिलिमीटर खोल पुरे, फक्त ती दोन्ही टोकांना भिंतीपर्यंत नेऊ नका, इंचभर आधी थांबवा.

मुंबईच्या इमारतीत भिंतींना कुर्ल्याचा पिवळसर दगड आणि कोरीव कामाला पोरबंदरचा दगड आहे. पोरबंदरचा दगड चुनखडीचा, मऊ, पाणी पिणारा. तिथे दगडच झिजतो. नाशिकचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट, तो जवळजवळ पाणी पीत नाही. म्हणून इथे दगडाची चिंता कमी आणि दरजांची जास्त. भिंतीत शिरणारे पाणी दगडातून येत नाही, दोन दगडांमधल्या सांध्यातून येते. आणि ते बाहेर जायलाही तोच रस्ता आहे. मुंबईचे उत्तर जसेच्या तसे उचलायचे नाही ते याच कारणाने. तिकडचे तत्त्व घ्यायचे, मालमसाला इथल्या दगडाचा.

दोन फुटी दगडी भिंत आतून भरीव नसते. बाहेर घडीव दगडांचा एक थर, आत दुसरा, मध्ये चुन्यात टाकलेला डबर आणि चिपा, आणि दोन्ही थर बांधून ठेवणारे आरपार दगड. बाहेरच्या दरजेतून शिरलेले पाणी या मधल्या भरावात मुरते. चुन्याची दरज असेल तर उघडीप मिळताच ती ओल दरजेतून वाफ होऊन निघून जाते. सिमेंटने दरज भरली की काय होते? सिमेंट कडक, दगड उन्हात फुगतो आणि रात्री आक्रसतो, म्हणून दगड आणि सिमेंटच्या मध्ये केसासारखी फट पडते. नाशिकला एप्रिल-मेमध्ये चाळिशीतले ऊन आणि गार रात्री असतात, त्यामुळे ही फट पहिल्याच उन्हाळ्यात पडते. पावसात त्या फटीतून पाणी आत ओढले जाते, पण बाहेर पडायला सिमेंट वाट देत नाही. मग ते आतल्या बाजूने, म्हणजे पुस्तकांच्या बाजूने निघते. आतून गिलावाही सिमेंटचा आणि वर वॉटरप्रूफ रंग असेल, तर पाणी वर चढते. तीन फुटांवर असलेली ओलीची रेघ पाच फुटांवर जाते, रंगाला फोड येतात, गिलाव्यामागे क्षार साठतात आणि तो पोकळ वाजू लागतो. रंग देणारा दोन वर्षांनी पुन्हा बोलावला जातो. दोष रंगाचा नसतो, भिंतीचा तर नसतोच.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी वरचे पाणी, मग खालचे, मग दरजा, आणि गिलावा-रंग अगदी शेवटी. यात बदल केला की पैसे वाया जातात.

छप्पर. मंगलोरी कौलांचा हिशेब साधारण एका ब्रासला, म्हणजे शंभर चौरस फुटांना, दीडशे. तुटलेली, सरकलेली कौले बदलताना जुन्याच मापाची आणि शक्यतो त्याच कारखान्याच्या छापाची घ्या. वेगळ्या साच्याची कौले खाचेत नीट बसत नाहीत आणि तिथूनच गळती सुरू होते. पाडकामातून निघालेली जुनी कौले ठोकून घ्यावीत, खणखणीत वाजले तर चांगले, बद्द वाजले तर बाजूला. रिपांमधले, म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्ट्यांमधले, अंतर एकाच मापाचे नसेल तर कौलांची ओळ वाकडी जाते, म्हणून कौले उतरवलेली असतानाच रिपा सूत लावून तपासा. आढ्यावरची, म्हणजे छपराच्या माथ्यावरची, कौले सिमेंटच्या जाड गोळ्यात बसवू नका, तो तडकतो आणि पाणी थेट आढ्याच्या लाकडावर जाते. चुना आणि सुरखी, म्हणजे विटेची भुकटी, यांचा मसाला वापरा. छपराची दोन उतरती पाखी जिथे मिळतात त्या पन्हळीत पालापाचोळा साठून पाणी उलटे कौलांखाली चढते. ग्रंथालयांच्या छपरांची निम्मी गळती मला याच जागी वाटते. तिथला पत्रा उचलून पाहा, दोन्ही बाजूंना कौलांखाली किमान सहा इंच गेलेला हवा.

वळचणीची पन्हळ आणि उतरते पाइप यांचा आकार बहुतेक ठिकाणी अंदाजाने ठरवलेला असतो. तासाला १०० मिलिमीटर पाऊस धरला तर १०० मिलिमीटर व्यासाचा एक पाइप साधारण ४० चौरस मीटर छपराचे पाणी नेतो. नाशिकचा वार्षिक पाऊस मुंबईच्या मानाने थोडा, पण वळवाची सर तासाभरात जे ओतते त्यासाठी हा हिशेब लागतो. वर्षाची सरासरी पाहून पाइप निवडू नका. पाइप भिंतीला चिकटवून बसवू नका, इंच-दीड इंच सुटा ठेवा, म्हणजे सांधा गळला तर भिंतीत जाण्याआधी दिसेल.

आता जमीन. जोत्याच्या बाहेर जाऊन उभे राहा आणि आतल्या फरशीपेक्षा बाहेरची जमीन किती खाली आहे ते मोजा. जुन्या इमारतींच्या भोवती पन्नास वर्षांत रस्ता, डांबर, पेव्हर ब्लॉक यांचे थर चढत जातात आणि एक दिवस जोतेच बुजते. बाहेरची पातळी आतल्या फरशीपेक्षा किमान सहा इंच खाली हवी, जास्त असेल तर उत्तम. पेव्हर उचलून माती उतरवणे हे काम कुणाला शोभिवंत वाटत नाही, पण आतल्या भिंतीवरची तीन फुटांपर्यंतची ओल याच एका कामाने बरीच उतरते. भिंतीलगत सिमेंटचा पट्टा ओतू नका. तो जमिनीतली वाफ बाहेर जाऊ देत नाही आणि तीच भिंतीतून वर चढते. उतार बाहेर काढून फरशीच्या तुकड्यांची किंवा खडीची पट्टी करा आणि पुढे उघडे गटार.

काळी माती असेल तर आणखी एक तपासणी. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते आणि कोपऱ्यातला पाया खाली-वर होतो. दरजांमधून पायऱ्यांसारखी चढत गेलेली तड दिसली तर लगेच भरू नका. तडेवर चुन्याच्या गोळ्यांनी काचेची पातळ पट्टी बसवा, तारीख लिहा आणि जूनपासून पुढच्या मेपर्यंत पाहा. पावसाळ्यात मिटणारी आणि उन्हाळ्यात उघडणारी तड मातीमुळे आहे. सतत वाढत जाणारी असेल तर गळका पाइप, पाण्याची टाकी किंवा भिंतीलगतचे झाड शोधा. तीस वर्षांवरच्या इमारतींना महापालिका कायद्याप्रमाणे संरचनात्मक तपासणी लागतेच, पण ती करणाऱ्याला आधी विचारा की दगड-चुन्याच्या भिंतींचे काम केले आहे का. काँक्रीटवर हातोड्याचे यंत्र लावून जो आकडा मिळतो, त्याला चुन्याच्या बांधकामात काही अर्थ नाही. इथे भिंत ठोकून आवाज ऐकणे, एक-दोन ठिकाणी दरज उघडून मधला भराव पाहणे आणि तुळयांची टोके तपासणे, हीच खरी तपासणी.

तुळयांच्या टोकांबद्दल जरा थांबून सांगतो, कारण मजला पडतो तो मध्यावर मोडून क्वचितच, बहुतेकदा टोकाला कुजून. भिंतीत सहा ते नऊ इंच शिरलेले सागाचे टोक चारही बाजूंनी मसाल्यात गच्च असेल आणि भिंत ओली असेल, तर ते आतून कुजते आणि बाहेरून ठणठणीत दिसते. अणकुचीदार लोखंडी टोच्या घ्या आणि तुळईच्या खालच्या अंगाला, भिंतीला लागून, तिरका दाबा. चांगल्या सागात तो दोन-तीन मिलिमीटर जातो आणि काढताना लांब चिरफळी निघते. कुजलेल्यात तो बोटभर जातो आणि निघते ते आखूड, तपकिरी भुस्कट. ओलावामापक असेल तर २० टक्क्यांच्या वरचा आकडा धोक्याचा. कुजके टोक कापून त्याच जातीच्या जुन्या, वाळलेल्या सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडावा, स्टेनलेस स्टीलचे बोल्ट घालावेत, सांध्याची लांबी तुळईच्या उंचीच्या किमान तिप्पट ठेवावी. हे करताना मजल्याला खालून टेकू द्या आणि सांध्याचे गणित अभियंत्याकडून करून घ्या. टोक परत भिंतीत ठेवताना बाजूंनी आणि वर इंचभर हवा सोडा, मसाला ठासू नका.

आता रॅक वर हलवण्याची सूचना. लाकडी मजला बांधणाऱ्याने माणसे आणि टेबलखुर्च्या धरल्या होत्या, बांधीव नियतकालिके नव्हेत. इमारतींवरच्या भारांचे भारतीय मानक ८७५, भाग २ प्रमाणे पुस्तकसाठा नसलेल्या वाचनकक्षाला चौरस मीटरला ३ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ३०० किलो, भार धरतात, साठा असलेल्याला ४, आणि रॅकच्या खोलीला २.२ मीटर उंचीपर्यंत ६, त्यावरच्या प्रत्येक मीटरला आणखी २. सरकत्या, एकमेकांना चिकटून बसणाऱ्या रॅकला तर किमान १०. म्हणजे चौरस मीटरला सुमारे एक टन.

हाताने करता येईल असा हिशेब देतो. तीन फूट रुंद, दोन्ही बाजूंनी सहा-सहा कप्प्यांचा लोखंडी रॅक घ्या. कप्प्यांची एकूण लांबी १०.८ मीटर होते. साध्या पुस्तकांचे वजन मीटरला ३० किलो धरले तर ३२४ किलो, रॅकचे ६० किलो, मिळून ३८४. त्याच्या वाटणीची वाट धरून जागा होते साधारण १.२ चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरला ३२० किलो. वाचनकक्षाच्या मर्यादेपेक्षा हे आताच थोडे जास्त आहे. बांधीव नियतकालिके मीटरला ५० किलोपर्यंत जातात, मग तोच रॅक ६०० किलोंचा होतो आणि आकडा ५०० वर पोचतो. रॅकच्या थेट खाली तर याच्या जवळपास तिप्पट ताण असतो. बांधीव खंड खाली, फरशीवर. वर टेबले, चालू अंक आणि हलके संदर्भ.

काही रॅक वर ठेवणे भागच असेल तर ते भिंतींजवळ ठेवा, गाळ्याच्या मध्यात नाही, आणि त्यांची लांबी वाशांना आडवी येऊ द्या म्हणजे एक रॅक अनेक वाशांवर बसेल. ठेवण्याआधी तुळईच्या दोन्ही टोकांना सूत ताणून मधला झोळ मोजून लिहून ठेवा. पाच मीटरच्या तुळईला १४ मिलिमीटरपर्यंत झोळ चालतो असे पुस्तकातले गणित सांगते. जुन्या सागाला वर्षानुवर्षांचा झोळ याहून जास्तही असू शकतो. म्हणून आकड्यापेक्षा त्यात पडणारा फरक पाहा. रॅक ठेवल्यावर महिन्याने पुन्हा मोजा, वाढत असेल तर उतरवा.

खालच्या मजल्यावर रॅक भिंतीपासून सहा इंच सुटे ठेवा आणि सर्वांत खालचा कप्पा फरशीपासून सहा इंच वर घ्या. कपाट भिंतीला टेकलेले असले की मागची हवा अडून राहते आणि बुरशी सर्वांत आधी तिथे येते. खिडक्यांना रॅकची पाठ लावू नका, रॅक खिडक्यांना काटकोनात उभे करा, म्हणजे उजेड आणि वारा दोन्ही वाटांमध्ये जातात. जुन्या वाचनदालनांची खिडक्यांची रचना याच मांडणीसाठी केलेली असते.

व्हरांडा बंद करण्याबद्दल माझे मत ठाम आहे: करू नका. काचेमागे तापलेली हवा अडते, पश्चिमेची भिंत संध्याकाळभर तापत राहते आणि पावसात खिडकीच्या चौकटीतून झिरपलेले पाणी आतच साचते. व्हरांड्याच्या फरशीला बाहेरच्या बाजूने उतार ठेवलेला असतो, तोही नवी फरशी टाकताना हमखास बिघडतो. जागा हवीच असेल तर फार न लागणारी पुस्तके आणि जुनी दप्तरे दुसऱ्या, काँक्रीटच्या इमारतीत हलवा.

दरजांचे काम पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर ते फेब्रुवारीत करा. मे महिन्यात चुना वाळतो, घट्ट होत नाही. जुना सिमेंट हातोडी-छिन्नीने काढा, चाकाचे यंत्र लावू देऊ नका, ते दगडाच्या कडा खाते आणि घडाईची रेषा कायमची जाते. दरज रुंदीच्या दुप्पट, किमान इंचभर खोल मोकळी करा, धूळ ब्रशने झाडा आणि पाणी मारून ओली करा. मसाल्यासाठी कळीचा चुना हौदात भिजवून, चाळून, पाण्याखाली किमान तीन आठवडे ठेवा. दोन-तीन महिने ठेवला तर अधिक लोण्यासारखा होतो. प्रमाण: एक भाग भिजवलेला चुना, एक भाग हलक्या भाजलेल्या विटेची सुरखी आणि दीड ते दोन भाग धुतलेली खरखरीत वाळू. दगडाच्या क्रशरची वाळू वापरत असाल तर तिच्यातली भुकटी धुऊन काढा, नाहीतर मसाला तडकतो. गूळ, हिरडा, बेलफळाचे पाणी घालायची पद्धत चांगली आहे, पण अनुभवी गवंड्याच्या हातून आणि बेताने. जास्त गुळाने मसाल्यावरच बुरशी येते.

मसाला कोरडसर हवा, मुठीत दाबला तर गोळा राहावा आणि हाताला फारसा लागू नये. थापीने खोलवर ठासा आणि दगडाच्या कडेपेक्षा किंचित आत ठेवा. दरज फुगवून, वर पट्टी काढून सजवू नका, तिच्यावर पाणी थांबते. थोडे घट्ट झाल्यावर ताठ केसांच्या ब्रशने ठोकून घ्या, म्हणजे पृष्ठभाग उघडा राहतो आणि वाफेला वाट मिळते. मग ओले गोणपाट लावून सात ते दहा दिवस ओलसर ठेवा. पाण्याची धार मारणे म्हणजे ओलसर ठेवणे नव्हे. आधी सावलीतल्या भिंतीवर एक मीटरचा नमुना करून महिनाभर पाहा. घाई असेल तर पाकीटबंद नैसर्गिक हायड्रॉलिक (ओलाव्यातही घट्ट होणारा) चुना मिळतो, महाग आहे पण भरवशाचा. चुन्यात ‘थोडे सिमेंट टाकू’ असे कुणी म्हटले तर नकार द्या.

आतला सिमेंट गिलावा ओलीच्या रेघेच्या वर फूटभरापर्यंत उतरवा आणि भिंत उघडी ठेवून वाळू द्या. जाड भिंत महिन्याला साधारण इंचभर वाळते असा ठोकताळा आहे. दोन्ही बाजू मोकळ्या असल्या तरी दोन फुटी भिंतीला वर्ष लागते. या काळात पांढरे क्षार पृष्ठभागावर येतील, ते कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा, धुऊ नका, धुतले की ते पुन्हा आत जातात. मग चुन्याचा गिलावा आणि वर पातळ चुन्याची सफेदी, तीन-चार हात. इनॅमल, प्लास्टिक पेंट नको. दगडाला ॲसिड, वाळूचा मारा आणि पारदर्शक सिलिकॉनही नको.

ओल नेमकी कुठून येते याची खात्री करायला सोपी चाचणी आहे. फूटभर ॲल्युमिनियम फॉइल भिंतीला चारही कडांनी टेप लावून दोन दिवस ठेवा. खोलीकडच्या बाजूने दव आले तर हवेतली वाफ भिंतीवर बसते आहे, मागून ओली झाली तर भिंतीतून येते आहे. पहिल्या प्रकाराला दरजा भरून उपयोग नाही, तिथे हवा खेळवावी लागते.

बुरशीसाठी तीन आर्द्रतामापक ठेवा: नैर्ऋत्य कोपऱ्यातला खालचा कप्पा, दालनाचा मध्य आणि वरचा मजला. ६५ टक्क्यांच्या वर काही दिवस राहिले की बुरशी धरते, ४५ ते ६० बरे. सरी चालू असताना खिडक्या बंद, उघडीप पडली की समोरासमोरच्या खिडक्या आणि वरचे झरोके उघडे, पंखे चालू. दिवसा एसी आणि रात्री बंद हा प्रकार सर्वांत वाईट, रात्री बाहेरची दमट हवा गार भिंतींवर आणि गार पुस्तकांवर बसते. लागलेली पुस्तके आधी वेगळी करा, सावलीत वाळवा, मग मास्क लावून बाहेर, वाऱ्याच्या दिशेने पाठ करून मऊ ब्रशने झाडा. ओल्या फडक्याने पुसू नका, बुरशी कागदात रुतते. भिजलेल्या पुस्तकांना ४८ तासांच्या आत वाळवणे किंवा गोठवणे जमले नाही तर बुरशी येतेच. वाळवी दिसली तर मातीची नळी कुठून वर येते ते आधी शोधा, नुसती कपाटात फवारणी करू नका.

कामाआधी इमारतीचे मोजमाप करून घ्या: आराखडे १:५०, खिडकी आणि कैची १:१०, आणि ठरावीक जागांवरून छायाचित्रे. नाशिकमध्ये वास्तुकला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना हे काम देता येते. इमारत महापालिकेच्या वारसा यादीत आहे का ते तपासा, असेल तर बाहेरचे कोणतेही काम परवानगीशिवाय नको.

निविदेत ‘पॉइंटिंग’ आणि ‘वॉटरप्रूफिंग’ असे दोन शब्द लिहून सोडू नका, कारण त्यात ठेकेदार सिमेंटच धरतो. चुन्याचे प्रमाण, तो किती आठवडे भिजवायचा, दरज किती खोल काढायची, कोणते यंत्र चालणार नाही आणि किती दिवस गोणपाट लावायचे, हे प्रत्येक बाबीत लिहा. नमुन्याचा एक मीटर मंजूर झाल्याशिवाय पुढचे बिल निघणार नाही, ही अटही घाला. पहिल्या वर्षी फक्त छपराचे, पन्हळीचे आणि बाहेरच्या पातळीचे काम काढा. जूनआधी तेवढे होते. दरजांची निविदा पावसाळाभर ओलीची रेघ मोजून झाल्यावर, सप्टेंबरच्या अखेरीस.